पाचशेची नोट आणि कोटीचा रोखा

निवडणूक जवळ आली की बोट आपल्या वस्त्यांकडे दाखवले जाते. ‘त्यांचे काय, रात्री पाचशेची नोट आणि बाटली पोचली की सकाळी मत तयार.’ चहाच्या टपरीवर, ऑफिसात, टीव्हीवरच्या चर्चेत हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. त्याहून वाईट म्हणजे निकाल लागला की आपल्यातलेच शिकलेले, शहरात स्थिरावलेले बांधव हेच बोलतात. ‘समाज विकला गेला.’ मग चार दिवस व्हॉट्सअॅपवर हळहळ होते आणि विषय संपतो.

वस्तीत पैसे वाटले जात नाहीत, असे आम्ही म्हणणार नाही. वाटले जातात, आणि काही जण घेतात. आमचा प्रश्न वेगळा आहे. मतांचा बाजार भरतोच आहे, तर त्यातला मोठा गिऱ्हाईक कोण? आणि त्याच्यासाठी कायदा कोणता?

लहान गिऱ्हाइकासाठीचा कायदा सगळ्यांना माहीत असायला हवा. १९२० साली भारतीय दंड संहितेत निवडणूक गुन्ह्यांचे स्वतंत्र प्रकरण घातले गेले. त्यात मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा दोघेही लाचखोर ठरतात. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. संहितेचे नाव बदलले, आज ती भारतीय न्याय संहिता झाली, कलम १७१ चे १७० आणि १७३ झाले. पण पाचशे रुपये घेणाऱ्या बाईसाठी कायदा शंभर वर्षांत तसूभरही हलला नाही. आता मोठ्या गिऱ्हाइकाचा कायदा बघू. तो स्वतंत्र भारतात किती वेळा हलला, कोणी हलवला आणि प्रत्येक वेळी कोणत्या बाजूला हलवला, हा इतिहास आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असला पाहिजे.

हा इतिहास आपल्याच मुंबईत सुरू होतो.

१९५७ साल. दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीचे वर्ष. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांच्या निधीला पैसे द्यायचे होते. अडचण अशी होती की कंपनी कशासाठी स्थापन झाली हे सांगणारा जो मूळ दस्तऐवज असतो, त्यात पोलाद बनवणे होते, पक्षांना पैसे देणे नव्हते. तो दस्तऐवज बदलायचा तर त्या काळच्या कायद्याप्रमाणे कोर्टाची मंजुरी लागत असे. एका भागधारकाने हरकत घेतली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्यापुढे आले.

कंपनीचे म्हणणे सरळ होते. अशी देणगी देणे आमच्या धंद्याच्या हिताचे आहे, आणि कायद्यात तसे करायला कुठे मनाई आहे? छागलांना मनाई सापडली नाही, म्हणून त्यांनी परवानगी दिली. पण निकालपत्रात त्यांनी जे लिहिले ते वाचण्यासारखे आहे. लोकशाहीचा पाया हा की श्रीमंत असो वा गरीब, प्रत्येकाच्या मताला सारखी किंमत. पैसा देऊन कोणी निकाल फिरवू शकतो, सरकारचे धोरण आपल्याकडे वळवू शकतो, ही कल्पनाच या पायाच्या विरोधात जाते. हा धोका झपाट्याने वाढेल आणि एक दिवस या देशातल्या लोकशाहीचा गळा आवळेल, असा त्यांच्या इशाऱ्याचा आशय होता. संसदेने यात लक्ष घालावे, असेही त्यांनी बजावले. त्याच सुमारास कलकत्ता उच्च न्यायालयापुढे इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीचे असेच प्रकरण आले. तिथल्या न्यायमूर्तींनीही कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली आणि शेवटी परवानगी दिली.

दोन पोलाद कंपन्या, दोन हायकोर्टे, दोन इशारे आणि दोन परवानग्या. पुढची साठ-सत्तर वर्षे हेच चालले.

छागलांना १९५७ साली जे दिसले ते बाबासाहेबांनी फार आधी पाहिले होते, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीतून नव्हे, तर त्या पैशाचा मार अंगावर झेलून पाहिले होते. म्हणून थोडे मागे जाऊ.

२४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. करारावर सह्या करणाऱ्यांत घनश्यामदास बिर्ला होते. आठवड्याभरात अस्पृश्यता निवारणासाठी जी संस्था निघाली, जी पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली, तिचे अध्यक्षही बिर्लाच झाले. देशातला एक मोठा गिरणीमालक अस्पृश्यांच्या सेवेचा प्रमुख! बाबासाहेब सुरुवातीला त्या संस्थेच्या मंडळावर होते. नोव्हेंबरमध्ये गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून त्यांनी चिटणीस ठक्कर यांना सविस्तर पत्र लिहिले. पैसा आणि ताकद एकेका माणसाला सुधारण्यात घालवू नका; विहिरी, शाळा, रस्ते, धर्मशाळा यांवरच्या नागरी हक्कांसाठी लढा उभारा. या पत्राची साधी पोचही मिळाली नाही, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. पैसा ज्याचा, कार्यक्रम त्याचा. चरखे, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या हे सारे चालेल, पण विहिरीवर हक्क सांगणे चालणार नाही.

काँग्रेस व गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा जो हिशेब बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात मांडला, त्यात त्यांनी टिळक स्वराज्य फंडाचा जमाखर्च तपासला आहे. एक कोटीहून जास्त जमलेला तो फंड. त्यातून सुरुवातीच्या वर्षांत जो पन्नास लाखांच्या घरातला खर्च झाला, त्यात अस्पृश्यांच्या वाट्याला पन्नास हजारही आले नाहीत. आपल्याकडे बाबासाहेबांच्या विद्वत्तेचे गोडवे फार गायले जातात. पण हा माणूस प्रतिस्पर्धी पक्षाच्या हिशेबाच्या वह्या वाचत होता, रुपये-आणे मांडत होता, ही सवय मात्र आपण घेतली नाही.

मग पैसा देणाऱ्याला मिळते काय? त्याचे उत्तर १९३८ मध्ये आहे. मुंबई प्रांतात काँग्रेसचे खेर मंत्रिमंडळ होते. त्याने औद्योगिक कलह विधेयक आणले. संप करण्यावर अशा अटी की ठरावीक मुदतीआधी संप केला तर तो गुन्हा. बाबासाहेबांनी विधिमंडळात ठामपणे सांगितले की कामगाराला त्याच्या इच्छेविरुद्ध कामावर राहायला शिक्षेच्या धाकाने भाग पाडणे म्हणजे त्याला गुलाम करणे. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून संप पुकारला. गिरण्या थांबल्या. तरी विधेयक मंजूर झालेच. त्याच वर्षी फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले होते. आपण त्यातला पहिला शब्द फलकांवर रंगवला. दुसरा कम्युनिस्टांना देऊन टाकला, जणू तो आपला नव्हताच.

जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्या भाषणात त्यांनी म्हटले की हिंदी राजकारण, निदान त्यातले हिंदूंचे राजकारण, पूर्णपणे बाजारू झाले आहे आणि सुसंस्कृत माणसे त्यापासून दूर पळू लागली आहेत. पण हळहळ करून ते थांबले नाहीत. १९४७ मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग, विमा आणि शेती राज्याच्या मालकीची करण्याची योजना दिली. राज्याने हात काढून घेतला की स्वातंत्र्य कोणाला मिळते? मालकाला मिळते, आणि त्याचे नाव खासगी मालकाची हुकूमशाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आमच्या मते त्या दस्तऐवजातली सगळ्यात मोठी गोष्ट आणखी वेगळी आहे. ही अर्थव्यवस्था साध्या कायद्याने नको, राज्यघटनेतच लिहा, असा त्यांचा आग्रह होता. कारण साधा कायदा आज एक बहुमत करते, उद्या दुसरे मोडते. बहुमत कोण तयार करते हे त्यांना ठाऊक होते. तो भाग घटनेत आला नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणात समता आणि आर्थिक-सामाजिक जीवनात विषमता या विसंगतीचा जो इशारा त्यांनी दिला, तो या न आलेल्या भागाच्या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे.

आता पुन्हा छागलांच्या निकालाकडे येऊ. संसदेने लक्ष घातले का? घातले. १९६० मध्ये कंपनी कायद्यात कलम २९३-अ आले. कंपनीने पक्षाला किती द्यावे यावर मर्यादा आली : वर्षाला पंचवीस हजार रुपये किंवा आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या पाच टक्के, यांतले जे जास्त असेल ते. आणि दिलेली रक्कम हिशेबात दाखवायची. म्हणजे जे धोकादायक म्हटले होते ते रीतसर झाले, फक्त त्याला माप आले. मोठ्या कंपनीला पंचवीस हजारांची अट कशी अडवणार होती? ती तर पाच टक्क्यांच्या दारातून जाणार.

याच सुमारास खासगी उद्योगाची बाजू उघड घेणारा स्वतंत्र पक्ष निघाला होता. जेआरडी टाटांनी नेहरूंना कळवले की आम्ही काँग्रेसबरोबर स्वतंत्र पक्षालाही पैसे देणार. आम्हाला या पत्राचे कौतुकही वाटते आणि भीतीही. कौतुक यासाठी की जे करायचे ते समोर सांगून केले. भीती यासाठी की देशाला विरोधी पक्ष कोणता असावा, हे एक उद्योगपती पंतप्रधानांना पत्र लिहून ठरवू शकत होता आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नव्हते. त्याच काळात रिपब्लिकन पक्ष भूमिहीनांच्या सत्याग्रहात हजारोंनी तुरुंगात जात होता. त्याला चेक देण्याचा विचार कोणत्या कंपनीच्या मनात आला असेल?

१९६४ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधावरच्या संथानम समितीने कंपन्यांच्या देणग्या पूर्ण बंद करा, अशी शिफारस केली. १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्या बंद केल्या. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचे ते वर्ष, म्हणून अनेकांना हे समाजवादी पाऊल वाटले. पण स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्याकडे जाणारा चेक त्यामुळे थांबला, हेही लक्षात घ्यायला हवे. चेक बंद झाला, पैसा बंद झाला नाही. पक्षांना सरकारी निधी वगैरे कोणतीही पर्यायी सोय न करता दार लावले आणि खिडकी उघडी ठेवली. पक्षाची स्मरणिका निघायची, तिच्यात कंपन्या पानेच्या पाने जाहिराती द्यायच्या. बाकीचे रोखीत.

रोखीत म्हणजे कसे, याचा आपल्या राज्यातला धडा १९८१-८२ चा. तेव्हा सिमेंटवर नियंत्रण होते. सरकारी वाटपातून सिमेंट मिळाले तर बिल्डरची चांदी. मुख्यमंत्री अंतुले यांनी काढलेल्या ट्रस्टला बिल्डर देणग्या देत आणि त्यांना सिमेंट मिळे. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेन्टिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध आहे असा निष्कर्ष काढला आणि अंतुलेंना जावे लागले. नंतरचा खटला वर्षानुवर्षे चालला. या प्रकरणाची चर्चा मराठीत ‘एका मुख्यमंत्र्याचा भ्रष्टाचार’ अशी झाली. आम्हाला ती अपुरी वाटते. देणारे बिल्डर कोण होते, त्या सिमेंटातून कुठे काय उभे राहिले, त्यासाठी कोणाच्या झोपड्या उठल्या, हे कोणी लिहिले? घेणाऱ्याचे नाव इतिहासात राहते, देणारा सन्माननीय नागरिक म्हणून पुढच्या मुख्यमंत्र्याकडे जातो.

उमेदवाराच्या खर्चाची कथाही याच वळणाची. ऑक्टोबर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या दिल्लीच्या एका मतदारसंघाच्या प्रकरणात सांगितले की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच हिशेबात धरला पाहिजे. कारण तसे केले नाही तर खर्चाची मर्यादा हा फार्स होईल. निकालाची शाई वाळायच्या आत, त्याच महिन्यात, सरकारने वटहुकूम काढून तो उलटवला. पक्षाने कितीही ओतावे, ते मोजायचे नाही. आपल्या गरीब उमेदवाराला मात्र प्रत्येक रिक्षाचे आणि प्रत्येक वडापावचे बिल आजही द्यावे लागते, आणि ते चुकले तर अपात्रतेची टांगती तलवार.

१९८५ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्या पुन्हा कायदेशीर केल्या, पाच टक्क्यांची मर्यादा ठेवून. २००३ मध्ये वाजपेयी सरकारने अशा देणगीवर कंपनीला आयकरात सूट दिली. म्हणजे बुडालेल्या कराच्या रूपाने त्या देणगीत आपलाही वाटा. २०१३ मध्ये मनमोहन सिंग सरकारने मर्यादा साडेसात टक्के केली. तीन सरकारे, दोन पक्ष, दिशा एक.

आणि मग २०१७. वित्त विधेयकातून, म्हणजे धन विधेयक म्हणून, जेणेकरून राज्यसभेला ते अडवता येऊ नये, चार गोष्टी झाल्या. साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली. तोट्यातली कंपनीही देणगी देऊ लागली. कोणत्या पक्षाला किती दिले हे हिशेबात सांगण्याची अट गेली. आणि निवडणूक रोखे आले, ज्यात देणाऱ्याचे नाव मतदाराला कधीच कळणार नव्हते. रिझर्व्ह बँकेने आक्षेप घेतला, निवडणूक आयोगाने आक्षेप घेतला. दोन्ही बाजूला सारले. जानेवारी २०१८ मध्ये योजना अमलात आली. रोखे हजार रुपयांपासून एक कोटीपर्यंतचे. विकल्या गेलेल्या रोख्यांच्या रकमेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त रक्कम एक-एक कोटीच्या रोख्यांची होती. हजाराचा रोखा फक्त शोभेला होता, असे म्हणायला हरकत नाही.

इथे थोडे थांबून एक दुसरी दुरुस्ती सांगतो, कारण ती आपल्याशी थेट संबंधित आहे आणि आपल्याकडे तिची चर्चा झाली नाही. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की काँग्रेस आणि भाजप या दोघांनीही वेदांत समूहातल्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन परकीय देणगी कायद्याचा भंग केला आहे. कारवाई व्हायची होती. झाले असे की २०१६ च्या वित्त कायद्यात ‘परकीय’ची व्याख्याच बदलली, आणि तीही २०१० पासून लागू. मग लक्षात आले की त्याआधीचे व्यवहार उरतातच. म्हणून २०१८ मध्ये ती मागे नेऊन १९७६ पासून लागू केली. बेचाळीस वर्षे मागे जाऊन गुन्हा पुसला. आणि डिसेंबर २०१६ मध्ये, उनाच्या अत्याचारानंतर पाच महिन्यांनी, गुजरातमध्ये दलितांच्या हक्कांसाठी दशके काम करणाऱ्या नवसर्जन या संस्थेची त्याच परकीय देणगी कायद्याखालची नोंदणी रद्द झाली. तिच्यासाठी व्याख्या मागे गेली नाही.

याच समूहाचे नाव आणखी एका ठिकाणी येते. कोरबा इथला सरकारी अॅल्युमिनिअम कारखाना, बाल्को. २००१ मध्ये त्यातला ५१ टक्के हिस्सा याच समूहातल्या स्टरलाईटला विकला गेला. कामगार सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारी कंपनीत असताना आम्हाला घटनेच्या १४ आणि १६ व्या कलमाचे संरक्षण होते, ते जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने डिसेंबर २००१ मध्ये सांगितले की निर्गुंतवणूक हा धोरणाचा प्रश्न आहे, आणि हे संरक्षण जाते म्हणून ती थांबवता येणार नाही. कलम १६ म्हणजे काय हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्यातच आपले आरक्षण आहे. कारखाना विकला गेला की आरक्षणाविरुद्ध एक शब्दही न बोलता आरक्षण संपते. कोणती देणगी कोणत्या निर्णयासाठी, हे आम्ही सांगू शकत नाही आणि तसा आरोपही करत नाही. पण ते कोणालाच कधी सांगता येऊ नये, अशीच कायद्याची रचना केली गेली, हे मात्र निश्चित सांगतो.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले आणि मर्यादा काढून टाकणारी दुरुस्तीही रद्द केली. सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठात आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवईही होते. मतदाराला माहितीचा हक्क आहे, हा निकालाचा गाभा. छागलांचा १९५७ चा इशारा त्यात पुन्हा उगवला. स्टेट बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभा निवडणूक आटोपेपर्यंत. न्यायालयाने ती नाकारली आणि मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या.

याद्यांत काय दिसले? एप्रिल २०१९ ते जानेवारी २०२४ या काळात सुमारे १२,७६९ कोटी रुपयांचे रोखे वटवले गेले. त्यांतले ६,०६० कोटी, म्हणजे जवळजवळ निम्मे, एकट्या भाजपचे. तृणमूल काँग्रेस १,६०० कोटींच्या पुढे, काँग्रेस १,४०० कोटींच्या पुढे. सर्वांत मोठा खरेदीदार लॉटरीचा धंदा करणारी फ्युचर गेमिंग, १,३६८ कोटी. दुसरी सरकारी कंत्राटे घेणारी मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी. वेदांत सुमारे ४०० कोटी. पहिल्या नावापाशी आम्ही बराच वेळ अडकलो. लॉटरीचे तिकीट कोण काढतो? हमाल, रिक्षावाला, घरकाम करणारी बाई, कर्जात बुडालेला माणूस. त्याच्या खिशातून गेलेले रुपये कोटीच्या रोख्यात जमा होऊन पक्षाच्या खात्यात पोचले, आणि त्या पक्षाचा कार्यकर्ता निवडणुकीच्या आदल्या रात्री त्याच माणसाच्या दारात पाचशेची नोट घेऊन उभा राहिला. विकला कोण गेला, हे आता पुन्हा विचारून बघा.

मार्च २०१० मध्ये लखनौच्या सभेत मायावतींना हजाराच्या नोटांचा हार घातला गेला. देशभरच्या वृत्तवाहिन्या कित्येक दिवस तो हार दाखवत होत्या. आम्हालाही तो हार आवडला नव्हता. ज्या पक्षाचे मतदार शेतमजूर, त्याच्या नेत्याच्या गळ्यात नोटा शोभत नाहीत. पण तो हार सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला. रोख्यांचा हार सहा वर्षे कोणालाच दिसला नाही, आणि जेव्हा दिसला तेव्हा त्याच वाहिन्या किती दिवस बोलल्या ते आठवा. बसपला रोख्यांतून एक रुपयाही आला नाही, हेही त्या याद्यांत आहे. मात्र वीस हजारांहून जास्तीची एकही देणगी आली नाही असे तो पक्ष वर्षानुवर्षे आयोगाला कळवत आला, आणि वीस हजारांच्या आतले नाव सांगावे लागत नाही. मग देणारे शेतमजूर होते की आणखी कोणी, हे आपल्यालाही कळत नाही. जो प्रश्न भाजपला, तोच इथे. आपल्या घरात पोचला म्हणून अंधार उजेड होत नाही.

रिपब्लिकन गटांबद्दल तर काय बोलावे. गटागणिक एक अध्यक्ष. निवडणूक आली की मोठ्या पक्षाशी ‘समझोता’ होतो, आणि तो किती जागांवर झाला हे जाहीर होते, कितीवर झाला हे होत नाही. हे आम्ही विरोधकांचे ऐकून लिहीत नाही. कार्यकर्ते म्हणून सतरंज्या उचलताना पाहिले आहे. कोटीचा रोखा घेणाऱ्या पक्षाकडून जो पाच-दहा लाख घेऊन वस्ती नावावर लिहून देतो, तो नेता आणि वस्तीतली ती पाचशेची बाई, यांत दोषी कोण, हे ठरवायला कोर्ट लागत नाही.

दुसरी परंपराही आपल्याकडे आहे. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाला तेव्हा ‘केसरी’ने पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला नकार दिला होता. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. एका राजाची देणगी, पण ती आज शंभर वर्षांनी शाळकरी पोरालाही आकड्यानिशी माहीत आहे. कोणी दिली, किती दिली, कशासाठी दिली. आणि कांशीराम, ज्यांची घडण पुण्यातल्या सरकारी प्रयोगशाळेच्या नोकरीत झाली, त्यांनी बामसेफ पगारदारांच्या वर्गणीवर उभी केली. १९८८ च्या अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत विश्वनाथ प्रताप सिंग यांच्यासारख्या उमेदवारासमोर त्यांनी मतदाराकडे मताबरोबर एक नोटही मागितली. मत विकत घ्यायला निघालेल्या देशात हा माणूस मतदाराकडूनच रुपया घेत होता. ते ती निवडणूक हरले.

रोख्यांच्या निकालानंतर पैसा थांबला नाही. इलेक्टोरल ट्रस्टचा जुना मार्ग आहेच, त्यातून कोट्यवधी जातच आहेत. फरक इतकाच की ट्रस्टला कोणी दिले आणि ट्रस्टने कोणाला दिले हे दरवर्षी आयोगाच्या संकेतस्थळावर येते. ते अहवाल, आणि प्रत्येक पक्षाचा वार्षिक हिशेबही, मोफत आहेत. जिल्ह्यातल्या दोन-तीन मुलांनी बसून आपल्या भागातले कंत्राटदार, खाणवाले, बिल्डर यांची नावे त्यात शोधली आणि शेजारी कंत्राटांची यादी ठेवली, तर एका सभेचा मजकूर तयार होतो. आम्ही आमच्या तालुक्यापुरते हे काम सुरू केले आहे. आपल्या गटांच्या नेत्यांनाही लेखी पत्र दिले आहे : गेल्या निवडणुकीत किती आले, कोणाकडून आले, कुठे गेले. अजून उत्तर आलेले नाही.

आणि रोख्यांच्या त्या पैशाचे काय झाले? घटनाबाह्य मार्गाने आलेला, पण परत करण्याचा आदेश झाला नाही. विशेष पथकाकडून चौकशी करा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ ला फेटाळली. तो पैसा ज्याने त्याने निवडणुकांत वापरला. मतासाठी पाचशे रुपये घेतले तर एक वर्षापर्यंत कैद, हे कलम मात्र जसेच्या तसे आहे.